घंटेचे वजन आणि घंटेचे मोल

मंचर, घोडेगाव असा आंबेगाव तालुका ओलांडून भीमाशंकरला जाणाऱ्या यात्रेकरूला देवळाच्या आवारात एक मोठी घंटा टांगलेली दिसते. तिच्यावर १७२९ हे साल युरोपीय अंकांत आहे. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी ही घंटा भीमाशंकराला अर्पण केली, असे परंपरा सांगते. वाईजवळच्या मेणवलीची १७०७ ची घंटा आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ ची घंटा याच कुळातल्या. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे.

ठोक्याने वाजणारे जुने वाद्य ओळखावे कसे, आणि त्याचे मोल ठरवावे कसे? हा प्रश्न केवळ संग्राहकांचा नाही. आपल्या धर्मग्रामांच्या मनोऱ्यांत, गायनवृंदांच्या कपाटांत आणि लग्नात वाजणाऱ्या बँडवाल्यांच्या घरांत अशी वाद्ये पडून आहेत. त्यांचा निकाल आपण बहुधा वजनकाट्यावर लावतो.

पहिली कसोटी धातूची. युरोपीय चर्चची घंटा साधारणतः चार भाग तांबे व एक भाग कथील यांच्या मिश्रणाची असते. ओतीव पोलादाच्या घंटा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या. म्हणून भीमाशंकरच्या घंटेला काही लेखनात ‘लोखंडी’ म्हटलेले आढळते, ते सावधपणे घ्यावे. दुसरी कसोटी घाटाची : कड बाहेर पसरलेली, आणि टोला जिथे पडतो तिथे धातू सर्वांत जाड. तिसरी कसोटी अक्षरांची. साच्यातच घडवलेली अक्षरे व अंक उठावदार असतात, ते घंटेबरोबरच जन्मतात. छिन्नीने कोरलेला मजकूर मात्र नंतर केव्हाही कोरता येतो. आणि साल मिळाले म्हणजे गाव मिळाले असे नव्हे. चर्चचे नाव घंटेवर किंवा कागदोपत्री नसेल, तर अभिमानापोटी ते आपण चिकटवू नये.

हेच तर्कशास्त्र ड्रमसेटलाही लागू पडते. हे वाद्य तसे तरुण. १९०९ साली शिकागोत लुडविग बंधूंनी पायाने चालणारा वेगवान ठोका बाजारात आणला आणि एकटा वादक बसल्या जागी अनेक ढोल सांभाळू लागला. जुन्या सेटवरील निर्मात्याची धातूची पट्टी प्रथम पाहावी. परंतु ती एका ढोलावरून काढून दुसऱ्यावर बसवता येते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. खोळीच्या आतले लाकूड, त्याचे थर, कडांची घडण आणि पट्टीभोवतीची भोके एकमेकांशी जुळतात का, हे तपासावे. प्लास्टिकचे पडदे १९५७ च्या सुमारास बाजारात आले. त्यापूर्वी वासराचे कातडे असे. तथापि पडदा हा बदलण्याचाच भाग, त्यामुळे त्यावरून वय ठरत नाही. मूळ खिळे, कड्या व रंग शाबूत असलेला मळकट सेट नव्याने रंगवून चकचकीत केलेल्या सेटपेक्षा जाणकाराला अधिक मोलाचा वाटतो. हौसेने दिलेला रंगाचा हात पुष्कळदा किंमत निम्म्यावर आणतो.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना याच परंपरेतून राष्ट्रपती पुरस्काराचा मान मिळाला. त्या परंपरेचा प्राण असलेल्या ढोलकीकडे पाहावे. तिची पाने फाटतात, शाई झिजते, वादी तुटते. हे सारे पुन्हा पुन्हा नवे होते. टिकते ते एकसंध लाकडाचे कोरलेले खोड. त्या खोडाला बाजारभाव फारसा नाही. पण ते कोणत्या फडात वाजले आणि कोणाच्या मांडीवर वाजले, हे सांगणारा माणूस हयात असेल, तर त्याच खोडाचे मोल पालटते. तो माणूस गेला आणि कोणी काही लिहून ठेवले नाही, की उरते ते लाकूड.

येथे किंमत आणि मोल यांची फारकत होते. भीमाशंकरची घंटा सुमारे पाच मणांची सांगतात. चाळीस शेरी मणाने हे वजन १८७ किलोच्या आसपास भरते. मोडीच्या भावाने तिची किंमत कोणीही क्षणात काढील. पण तिच्या आयुष्याचा हिशेब करा : १७२९ ते १७३९ अशी फार तर दहा वर्षे ती चर्चच्या सेवेत होती, आणि त्यानंतरची पावणेतीनशेहून अधिक वर्षे शिवाच्या दारी. वसईच्या ख्रिस्ती मनाला ती पाहून हुरहुर लागते, आणि ती खोटी नाही. ज्या घंटेला पवित्र पाण्याने आशीर्वादित करून प्रार्थनेच्या हाकेसाठी वर चढवले, ती विजयचिन्ह म्हणून उतरवली गेली, हे सत्य आहे. तितकेच सत्य हे, की शरणागतीच्या तहाने मागे राहिलेल्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मुभा दिली होती, आणि घंटा वितळवून तोफा न ओतता ती देवाच्याच दारी टांगली गेली. म्हणूनच आज तिच्यावरचे साल आपण वाचू शकतो. या दोन्ही सत्यांपैकी एक झाकले, तर तिचे मोल निम्मे होते.

आपल्या हाती मात्र एक गोष्ट आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या घंटा व जुनी वाद्ये यांची एक वही करावी. तीत मापे, अक्षरे, छायाचित्रे आणि दात्याचे व वादकांचे नाव नोंदवावे. वृद्धांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच उतरवून घ्याव्यात. नवी घंटा आली म्हणून जुनी मोडीत देण्यापूर्वी, गायनवृंदाचा जुना ढोल रंगवण्यापूर्वी ही वही उघडावी. दूरच्या डोंगरावरील घंटेसाठी हळहळणाऱ्या समाजाने आपल्या मनोऱ्यातील घंटा नावानिशी ओळखावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे.