खानदेशातील राखण : जागल्या, कुलूप आणि कॅमेरा

गिरणेच्या काठचे भडगाव आज जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी ब्रिटिश अमदानीत ते पाचोरे तालुक्यातील पेटा, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली घटकाचे गाव होते. नदीकाठची काळी जमीन, कापूस व केळी यांचा पैसा, कजगावहून जाणारा भुसावळ-मनमाड लोहमार्ग आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा, या साऱ्यांमुळे या परिसरात माल साठवणारी घरे आणि त्या मालावर नजर असणारे लोक अशा दोन्ही गोष्टी पूर्वीपासून होत्या. त्यामुळे येथील राखणीचा इतिहास केवळ चोरांचा आणि कुलपांचा इतिहास नाही. पहारा कोणी करायचा, चोरी झाल्यास जाब कोणाला विचारायचा आणि जे पाहिले गेले त्याचा ताबा कोणाकडे राहायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक काळाने वेगवेगळी दिली, आणि घराच्या दाराशी कॅमेरा बसवणाऱ्या आजच्या कुटुंबालाही हेच प्रश्न सोडवावे लागतात.

पेशवाईच्या काळात गावाची राखण जागल्याकडे असे. जागल्या म्हणजे रात्री गस्त घालणारा, गावात आलेल्या-गेलेल्या परक्या माणसांची खबर ठेवणारा आणि त्याबद्दल बलुते किंवा इनाम जमीन मिळवणारा गावचा सेवक. देशावर हे काम बहुधा महार किंवा रामोशी करीत, तर खानदेशात ते मोठ्या प्रमाणावर भिल्लांकडे होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आढळते. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढायचा, तो माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाच्या रखवालदाराकडे सोपवायची, आणि माग मध्येच हरवला तर ज्या गावाच्या हद्दीत तो हरवला त्या गावाने नुकसानीची भरपाई करायची, असा सर्वसाधारण रिवाज होता. प्रत्यक्षात भरपाई प्रत्येक वेळी पूर्ण होत असेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही पाहणाऱ्यावरच उत्तर देण्याचे बंधन घालणारे हे तत्त्व फार महत्त्वाचे होते, कारण त्यामुळे पहारा हे निव्वळ पाहण्याचे काम न राहता एक सामाजिक करार बनले.

हा करार खानदेशात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मोडला. 1802 मधील होळकरांच्या फौजांची लूट, तिच्यामागून 1803-04 चा भीषण दुष्काळ आणि पुढे पेंढाऱ्यांचा उपद्रव, यांनी गावे ओस पडली, राखणीचे हक्क देणारी रयतच उरली नाही आणि गावोगावचे भिल्ल रखवालदार डोंगरांत निघून गेले. 1818 मध्ये इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला तेव्हा तेथील कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच होता. आरंभी लष्करी बळ वापरून पाहिल्यावर कंपनी सरकार हळूहळू या निष्कर्षाला आले की, ज्यांचे हक्क बुडाले त्यांना ते परत दिल्याखेरीज वाटा सुरक्षित होणार नाहीत. म्हणून घाट राखणाऱ्या नाइकांचे नेमणुकीचे पैसे पुन्हा सुरू झाले, 1825 मध्ये भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापन झाल्या आणि त्याच वर्षी लेफ्टनंट जेम्स आउट्रम यांनी भिल्ल पलटण उभारली, जिचे ठाणे पुढे धरणगाव येथे होते.

या धोरणाला केवळ शहाणपणाचे श्रेय देऊन भागत नाही. राखणीचे काम परत मिळाले, पण जाब विचारण्याचा अधिकार गावाकडून सरकारकडे गेला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाज्या नाईक हे याचे ठळक उदाहरण होय. वर्षानुवर्षे सरकारच्या वतीने घाट सांभाळणारा हा नाईक 1857 मध्ये त्याच सरकारविरुद्ध उठला, त्याच्या लोकांनी सरकारी खजिना लुटला आणि एप्रिल 1858 मध्ये अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. पुढे 1867 च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील आणि त्याच्या हाताखालील रखवालदार यांची कर्तव्ये लेखी झाली, 1874 च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत सेवकांचे नियम ठरले, आणि 1871 मध्ये सुरू होऊन पुढे मुंबई इलाख्यातही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कंजारभाट अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर हजेरीचे बंधन लादले. ज्यांनी पाहायचे आणि ज्यांच्यावर पाळत ठेवायची, अशी माणसांची विभागणी जातीवरून करणारा हा कायदा स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्याने निर्माण केलेला संशय आजही पुसलेला नाही, आणि कॅमेऱ्याचे चित्र पाहताना कोणाला ‘संशयित’ म्हणायचे हे ठरवणाऱ्या मनात तो अजूनही काम करतो.

जागल्याच्या व्यवस्थेकडे हळवेपणाने पाहणेही योग्य नाही. तुटपुंज्या मोबदल्यावर चोवीस तासांची बांधिलकी हे वतनदार सेवकाचे वास्तव होते. महार वतनातील ही गुलामगिरी संपवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. ती वतने प्रत्यक्षात संपण्यास 1958 चा कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायदा यावा लागला. वतन गेले आणि जागल्याही गेला. त्याच्या कामाचा काही भाग पगारी कोतवालाकडे, काही पोलीस पाटलाकडे आणि काही ग्रामसुरक्षा दलाच्या तरुणांकडे आला.

घराने स्वतःसाठी केलेली राखण याच्या बरोबरीने चालूच होती. खानदेशातील धाब्याच्या घरांना, म्हणजे लाकडी सऱ्यांवर माती थापून केलेल्या सपाट छपराच्या घरांना, बाहेरच्या बाजूने खिडक्या कमी ठेवीत; दाराला आतून अडसर आणि बाहेरून कडी-कोयंडा असे; धान्य बळदात किंवा पेवात, म्हणजे भिंतीतील कोठारात किंवा जमिनीखालील खड्ड्यात, दडवले जाई; आणि शेतात पीक उभे असताना माळ्यावर बसून रात्रभर जागल करीत. 1897 मध्ये अर्देशर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि पुढे तिजोऱ्या बनवल्या. त्यानंतरच्या दशकांत कारखान्यात तयार झालेले कुलूप खानदेशच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचले. स्वातंत्र्योत्तर काळात व्यापारी पेठांत शिट्टी व काठी घेऊन रात्री फिरणारा आणि महिन्याला दुकानागणिक ठरावीक रक्कम गोळा करणारा नेपाळी गुरखा हा जणू जागल्याचा शहरी वारस ठरला.

कॅमेऱ्याने पहारा देण्याची कल्पना मात्र युद्धातून आली. 1942 मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी वॉल्टर ब्रुख यांनी बंद परिपथ दूरचित्रवाणीची, म्हणजे ज्याचे चित्र ठरावीक पडद्यांवरच जाते अशा व्यवस्थेची, रचना केली. ती घरापर्यंत आणण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेला जाते. वस्तीत पोलीस वेळेवर येत नाहीत, या अनुभवातून तिने पतीसह दाराच्या छिद्रांमागे सरकणारा कॅमेरा, आतील पडदा, बोलण्याची सोय आणि दुरून दार उघडण्याची कळ अशी योजना आखली, आणि 1969 मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. या शोधाचे मोल मोठे आहे, कारण त्यात पाहणारी व्यक्ती घरातलीच होती आणि चित्र घराबाहेर जात नव्हते.

भारतात कॅमेऱ्यांचा प्रसार वाढला तो मुख्यतः 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर. मुंबईची शहरव्यापी कॅमेरा योजना 2016 मध्ये पूर्णत्वास आली. एव्हाना डीव्हीआर, म्हणजे तारेने जोडलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण चकतीवर साठवणारी पेटी, स्वस्त झाली होती. सराफ, पतसंस्था आणि कापसाचे व्यापारी यांच्यापाठोपाठ साध्या घरांच्या दारांवरही कॅमेरे आले, आणि शेतातील मोटारी व तांब्याच्या तारा यांच्या चोरीमुळे सौर पट्टी व मोबाइलचे सिमकार्ड असलेले कॅमेरे शिवारातही पोहोचले.

या टप्प्यावर संगणकाच्या इतिहासातील एक विलक्षण विसंगती समोर येते. कॅमेरा आणि डीव्हीआर यांच्या आत चालणारी कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचे सर्व भाग चालवणारी मूळ आज्ञावली, बहुतेक वेळा लिनक्स असते. लिनक्स ही 1991 मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी सुरू केलेली, कोणालाही मोफत वापरता व बदलता येणारी प्रणाली असून 1999 मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने तिच्यावर चालणारा जाळे-कॅमेरा बाजारात आणला होता. पण याच पेट्यांचे चित्र संगणकावर पाहायचे तर अनेक उत्पादकांनी विंडोज आणि तिच्यातील इंटरनेट एक्सप्लोरर हा न्याहाळक सक्तीचा केला, कारण त्यांची दृश्यपाने मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स या जोडणीवर बेतलेली होती. ज्याच्याकडे लिनक्सचा किंवा मॅकचा लॅपटॉप होता त्याला कोरे पान दिसे. महाराष्ट्रात 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावी संगणक-साक्षरता पोहोचली हे मोठे काम झाले; पण तेथे शिकलेल्या पिढीला संगणक म्हणजे विंडोज असेच वाटत राहिले, आणि जोडणी करणाऱ्या कारागिरानेही ‘विंडोज नसेल तर मोबाइलवर ॲप घ्या’ हाच तोडगा दिला.

ॲपचा हा मार्ग सोयीचा असला तरी त्यात जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. अशा अनेक ॲपांत चित्र घरातून दूरच्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे मोबाइलवर येते. म्हणजे पहारेकऱ्याने पाहिलेले पहिल्यांदा परक्याच्या दप्तरी जाते. अशा यंत्रांच्या सुरक्षेतील ढिलाईचा ऑक्टोबर 2016 मध्ये जगाला अनुभव आला. ‘मिराय’ नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व डीव्हीआर काबीज केले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतील डाइन या कंपनीवर मारा करून अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पाडली. राखणीसाठी आणलेली यंत्रे मालकाच्या नकळत दुसऱ्याच्या चाकरीत गेली होती. भारत सरकारने एप्रिल 2024 मध्ये अधिसूचना काढून कॅमेऱ्यांसाठी सुरक्षिततेची तपासणी बंधनकारक करण्याचे पाऊल उचलले, ते योग्यच आहे.

दुसरा मार्ग खुल्या मानकांचा आहे. कॅमेऱ्याकडून चित्राचा प्रवाह मागण्याची आरटीएसपी ही पद्धत 1998 मध्ये प्रमाणित झाली आणि 2008 मध्ये ॲक्सिस, बॉश व सोनी यांनी ऑनव्हिफ हे व्यासपीठ स्थापन करून वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम घातले. हे नियम पाळणारा कॅमेरा असेल तर विंडोजची गरज उरत नाही: कॅमेरा घरातील राउटरला जोडायचा, त्याचा जाळ्यातील पत्ता शोधायचा, आणि तो पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेल्या व्हीएलसी या चित्रवादकात भरायचा, की चित्र दिसू लागते. लिनक्सच्या लॅपटॉपवर चित्रण साठवण्यासाठी झोनमाइंडर, मोशन किंवा अलीकडील फ्रिगेट अशा मोफत आज्ञावल्या आहेत. त्या चित्रात हालचाल झाली तेवढाच भाग वेगळा ठेवू शकतात. सेकंदाला 2 मेगाबिट वेगाने येणारा एका कॅमेऱ्याचा प्रवाह दिवसभरात सुमारे 21.6 गिगाबाइट जागा घेतो, म्हणून ही निवड करणारी आज्ञावली चैनीची नव्हे, गरजेची ठरते.

खानदेशासाठी या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. भारनियमनाच्या काळात डीव्हीआरची पेटी वीज गेल्याबरोबर आंधळी होते. लॅपटॉपला मात्र स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे कॅमेरा व राउटर लहानशा इन्व्हर्टरवर असतील तर चित्रण चालू राहते. ऑक्टोबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवल्याने अडगळीत जाऊ पाहणारे अनेक जुने लॅपटॉप लिनक्सवर उत्तम चालतात. हे शिकण्यासाठी इंग्रजीवर प्रभुत्व असलेच पाहिजे असेही नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी ध्वनीसह उपलब्ध आहेत. अडचण आहे ती हाताशी माणूस असण्याची: तार ओढणारा कारागीर तालुक्याच्या गावात मिळतो, पण लिनक्स बसवून देणारा शोधावा लागतो, आणि ही उणीव जिल्ह्यातील महाविद्यालयांनी व आयटीआयने भरून काढायला हवी.

चित्रण स्वतःच्या यंत्रावर असण्याला कायद्याच्या दृष्टीनेही वजन आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या फाइलचे ‘हॅश मूल्य’, म्हणजे फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी बदलणारी तिची गणिती ओळख, नमूद करावी लागते. हे मूल्य काढण्याची आज्ञा लिनक्समध्ये बहुधा आधीपासूनच असते. मागाची खूण शिवेवर दाखवून जबाबदारी सोपवणाऱ्या जागल्याच्या कामाचे हेच आजचे रूप आहे, फक्त त्यासाठी खूण ज्याच्या घरातली त्याच्याच हाती असावी लागते.

म्हणून भडगाव परिसरातील ज्या कुटुंबांनी कॅमेरे बसवले आहेत किंवा बसवणार आहेत, त्यांनी खरेदीपूर्वी ते ऑनव्हिफ व आरटीएसपी पाळतात का हे विचारावे, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, कॅमेऱ्याचा रोख आपल्या दारावर ठेवून शेजाऱ्याच्या अंगणावर जाऊ देऊ नये, आणि चित्रणाची एक प्रत घरातल्याच चकतीवर राहील अशी व्यवस्था करावी.