सावित्रीचे पाणी आणि बाप्तिस्मा

महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर-महाडवरून बाणकोटास समुद्राला मिळणारी सावित्री पवित्र मानली जाते. तिच्या स्नानाने पाप जाते ही श्रद्धा जुनी आहे. तिच्या मुखाशी, बाणकोटास, १८२३ साली स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल आले आणि त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या पंथाचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर मतांगीकार बाप्तिस्म्याविषयी सावधपणे बोलतो. या संस्काराची हेळसांड हे महापाप. तथापि त्यावाचून तारण अशक्य, अथवा तो झालेला प्रत्येक जण निःसंशय तरला, असे नव्हे. तीर्थस्नानाच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यास हा भेद पटविणे सोपे नव्हते.

मराठी ख्रिस्ती परिभाषेत या अडचणीची खूण दिसते. ‘तारण’ हा शब्द ‘तॄ’ धातूपासून, म्हणजे पाण्यापलीकडे नेण्याच्या कल्पनेतून आला. (व्यवहारात तो गहाणासही लागतो, ही गंमत निराळी.) प्रॉटेस्टंट बायबलात संस्काराचे नाव मात्र ग्रीकच राहिले. ‘स्नान’ म्हटले असते, तर सारे श्रेय पाण्यालाच गेले असते, असा तर्क करता येतो.

शब्दाने प्रश्न मिटला नाही; कारण मनातल्या श्रद्धेने घर तुटत नसे, बाप्तिस्म्याने तुटे. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. ही किंमत मोजलेल्या टिळकांनीच १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले.