शोधग्राम : गडचिरोलीच्या अरण्यातील संशोधनपीठ

गडचिरोली शहरातून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात वस्ती विरळ होते आणि दोन्ही बाजूंनी साग, ऐन, मोह यांचे रान सुरू होते. सुमारे सतरा किलोमीटरवर चातगाव लागते. तेथेच, झाडांच्या दाटीत, बैठ्या कौलारू घरांची एक वसाहत आहे. प्रथमदर्शनी ती एखाद्या टोल्यासारखी भासते. परंतु या वसाहतीत झालेल्या संशोधनाने जगातील बालआरोग्याच्या धोरणांना वळण दिले. या वसाहतीचे नाव 'शोधग्राम'. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेचे हे मुख्यालय होय.

विद्यापीठ म्हटले की भव्य इमारती, विभाग, वसतिगृहे आणि दीक्षान्त समारंभ नजरेसमोर येतात. शोधग्रामला यातले काहीच नाही. तरीही ज्ञाननिर्मिती, अध्यापन आणि सहजीवन ही विद्यापीठाची तिन्ही अंगे येथे आढळतात. म्हणूनच या परिसराची ओळख करून घेणे उद्बोधक ठरते.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा ही या दोन जिल्ह्यांमधील नैसर्गिक सीमा. जिल्ह्याचा बहुतांश भूभाग वनाच्छादित आहे. गोंड, माडिया आदी आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती असून मराठीबरोबरच गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू आणि बंगाली भाषाही कानी पडतात. धान, तेंदूपत्ता, मोहफुले आणि बांबू यांवर येथील जीवन चालते. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला, की अनेक गावांचा संपर्क तुटतो. अशा वेळी आजारी मूल दवाखान्यापर्यंत पोहोचेल याची शाश्वती नसते.

या भागाला सेवाकार्याची परंपरा होतीच. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले आणि १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. बंग दाम्पत्याने या सेवेला संशोधनाची जोड दिली.

तेंदूच्या गोदामातील प्रारंभ

अभय बंग यांचे बालपण वर्ध्याच्या गांधीविचारांच्या वातावरणात गेले. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर दोघांनी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम केले. त्याच काळात अभय बंग यांनी रोजगार हमी योजनेवरील मजुरीच्या हिशोबाचा अभ्यास करून त्यातील चुका दाखवून दिल्या. पुढे मजुरीचा दर चार रुपयांवरून बारा रुपयांवर गेला. अचूक आकडेवारी हेही अन्यायाविरुद्धचे साधन असू शकते, याचा हा पहिला अनुभव होता.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पूर्ण करून दोघे परतले. संशोधनाची शास्त्रशुद्ध पद्धत परदेशात शिकता आली, पण जेथे आजार आहेत तेथेच त्यांचे संशोधन व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च'चे काम सुरू झाले, ते तेंदूपत्ता साठवण्याच्या एका जुन्या गोदामात.

प्रश्न कोणाचा?

सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग संशोधनाच्या नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जिल्ह्यातील लोकांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार असल्याचे संस्थेने शोधले. वैज्ञानिकदृष्ट्या शोध मोलाचा होता, परंतु गावकऱ्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. त्यांच्या लेखी तो निकडीचा प्रश्न नव्हता. संशोधकाचे कुतूहल आणि लोकांची गरज या दोन गोष्टी एकच असतात असे नाही, हा धडा यातून मिळाला. येथून पुढे, प्रश्न लोकांकडून घ्यायचा, त्याचे उत्तर लोकांबरोबर शोधायचे आणि निष्कर्ष प्रथम लोकांनाच सांगायचे, अशी कार्यपद्धती रूढ झाली.

तिची पहिली मोठी परीक्षा स्त्रियांच्या आजारांच्या अभ्यासात झाली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोवर गरीब देशांतील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच विचार होत असे. प्रसूतीखेरीजही स्त्रीला शरीर असते आणि त्या शरीराची दुखणी असतात, हे या आकड्यांनी जगापुढे मांडले.

निष्कर्ष गावोगाव जत्रा भरवून स्त्रियांना सांगण्यात आले. या संवादातून दारूचा प्रश्नही ऐरणीवर आला. त्यातून उभ्या राहिलेल्या व्यापक लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली.

मणी आणि वाळूचे घड्याळ

लहान मुलांच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया होते. त्याचे निदान श्वासांच्या गतीवरून करता येते, पण गावातील दाईला मोजणी येत नसेल तर काय करावे? यावर वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांची चौकट असे साधे उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेले मणी संपले, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीच्या हाती निदान आले. या उपचारपद्धतीचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

पुढचे आव्हान नवजात अर्भकांचे होते. तोवर एक महिन्याच्या आतील आजारी बाळावर उपचार रुग्णालयातच होऊ शकतात, असा वैद्यकशास्त्राचा दंडक होता. प्रत्यक्षात बाळंतपणे घरी होत आणि आजारी बाळे क्वचितच रुग्णालयात पोहोचत. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी घेण्यात आली. गावातीलच थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास साह्य करणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये केंद्र शासनाने घरोघरच्या नवजात बालसेवेचा हा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारला. बाळ जन्मल्यावर पहिल्या ४२ दिवसांत आशाताई वजनकाटा घेऊन दारात येते, त्यामागे या गावांचा अनुभव आहे.

रुग्णालय कसे असावे?

शोधग्रामची उभारणी १९९३ च्या सुमारास झाली. तत्पूर्वी आदिवासी गावकऱ्यांना विचारण्यात आले, की तुम्हांला दवाखाना कसा हवा? उत्तरे अनपेक्षित होती. मोठ्या इमारतीत वाट चुकण्याची भीती वाटते. रुग्णाबरोबर आलेल्या नातलगांना तेथे जागा नसते. मृताला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात, मग पांढरे कपडे घातलेली माणसे जीव कसा वाचवणार, अशीही शंका होती. त्यानुसार एका प्रशस्त इमारतीऐवजी झोपड्यांसारखी छोटी घरे बांधण्यात आली, जेथे कुटुंबीय रुग्णासोबत राहू शकतात. आदिवासींची आराध्य देवता दंतेश्वरी, म्हणून रुग्णालयाचे नाव 'माँ दंतेश्वरी रुग्णालय' ठेवण्यात आले. दरवर्षी देवीची जत्रा आणि आदिवासींची आरोग्य संसद भरते. आमचे सर्वांत मोठे दुखणे कोणते, हे तेथे गावांचे प्रतिनिधी सांगतात. हिवतापाचा प्रश्न अशाच चर्चेतून संस्थेच्या कामात अग्रक्रमाने आला.

सहजीवन आणि शिक्षण

डॉक्टर, संशोधक, क्षेत्रकार्यकर्ते आणि त्यांची कुटुंबे याच परिसरात राहतात. सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान यांमुळे येथील दिनक्रमाला आश्रमजीवनाचे वळण आहे. २००६ पासून 'निर्माण' या उपक्रमात महाराष्ट्रभरातील तरुण शिबिरांसाठी येतात आणि आपल्या शिक्षणाचा समाजासाठी काय उपयोग, या प्रश्नाशी भिडतात. त्यांच्यापैकी काही डॉक्टर पुढे दुर्गम भागांत काम करू लागले. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकात येथील स्त्रियांचे झाडांविषयीचे ज्ञान संकलित झाले आहे. ज्ञान एकाच दिशेने वाहत नाही, याची ती साक्ष आहे. २०१८ मध्ये बंग दाम्पत्याला पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

विद्यापीठ आले

चंद्रपूर आणि गडचिरोलीतील महाविद्यालये दीर्घकाळ नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. सिरोंचा किंवा भामरागडच्या विद्यार्थ्याला विद्यापीठातील कामासाठी कित्येक तासांचा प्रवास करावा लागे. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले व गडचिरोली हे त्याचे मुख्यालय ठरले. जुलै २०२३ मधील दीक्षान्त समारंभास राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. आदिवासी समाजातून आलेल्या राष्ट्रपतींसमोर पदवी घेणाऱ्या येथील विद्यार्थ्यांसाठी तो क्षण निश्चितच वेगळा होता.

याच धानोरा मार्गावर मेंढा (लेखा) हे गाव आहे. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट चालतात. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. शोधग्रामचे संशोधन, गोंडवाना विद्यापीठाच्या पदव्या आणि मेंढ्याचे अभ्यासगट अशी ज्ञानाची तीन रूपे एकाच जिल्ह्यात नांदत आहेत.

शेष प्रश्न

शहरातून संशोधक येतो, प्रश्नावली भरून घेतो, निघून जातो आणि पुढे काय झाले हे गावाला कधीच कळत नाही, ही तक्रार आदिवासी भागांत जुनीच आहे. ज्या स्त्रीने आपले दुखणे सांगितले, ज्या आईने बाळाच्या मृत्यूची नोंद दिली, तिला त्या माहितीतून काय परत मिळाले, हा प्रत्येक प्रबंधाला विचारण्याचा प्रश्न आहे. वसा-अमिर्झ्याच्या स्त्रियांना निष्कर्ष सांगितले गेले आणि आरोग्यदूताच्या हाती औषध आले, यात शोधग्रामच्या कामाचे सार आहे. गोंडवाना विद्यापीठात आता याच गावांतील मुले-मुली संशोधक म्हणून प्रवेश घेत आहेत. काल ज्यांची मोजणी झाली, त्यांची पुढची पिढी उद्या प्रश्न ठरवू लागेल, तेव्हाच अरण्यातील या विद्यापीठाचे वर्तुळ पूर्ण होईल.