जुन्या वस्तू आणि आजचे घर : बडोद्याच्या मराठी कुटुंबांसाठी माहिती

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतली जुनी घरे एकेक करून उतरवली जात आहेत आणि आपली कुटुंबे दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जात आहेत. अशा वेळी हंडे, घंगाळी, बंब, पाट, फडताळे, झोपाळे आणि तसबिरी यांचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बहुतेक वेळा उत्तर घाईत दिले जाते. भंगारवाला येतो, काटा लावतो आणि पन्नास-साठ वर्षे सांभाळलेल्या वस्तू अर्ध्या तासात वजनावर जातात. काय ठेवावे, ठेवलेले कसे दुरुस्त करावे, नव्या घरात ते कसे वापरावे आणि कायदा काय सांगतो, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

आधी यादी, मग निर्णय

कोणतीही वस्तू देण्याआधी एका वहीत यादी करावी. वस्तूचे नाव, धातू किंवा लाकूड, वजन-माप, कोणाकडून आली, साधारण किती जुनी आणि पुढे कोणाकडे जाणार, एवढे रकाने पुरतात. सोबत मोबाइलवर फोटो काढावा. भावंडांमध्ये नंतर होणारे रुसवे-फुगवे या एका वहीने बरेच टळतात.

यादी करताना भांड्यांवरची नावे वाचावीत. आपल्याकडे लग्नात, मुंजीत किंवा बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख ठोकून घालण्याची पद्धत होती. अनेक घरांत पणजीचे माहेर कोणते, हे आता फक्त एखाद्या तांब्याच्या काठावर लिहिलेले उरले आहे. ही अक्षरे यादीत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. भांडे मशीनवर बफिंगला दिले तर ती पुसट होतात किंवा पूर्ण जातात. म्हणून नाव असलेले भांडे हातानेच घासावे.

भंगाराचा भाव हा वस्तूचा सर्वांत कमी भाव असतो. तो फक्त धातूचा असतो. घडणीचे, नक्षीचे, नावाचे त्यात काहीच येत नाही. ज्या वस्तूला घडण आहे (फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, नक्षीचा अडकित्ता, साखळीची समई) ती काट्यावर देऊ नये. साधी, पिचलेली, गळकी भांडी द्यायला हरकत नाही. सगळेच ठेवायचे म्हटले तर फ्लॅटचे गोदाम होते.

तांबे, पितळ आणि कासे

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. कासे ठणठणीत वाजते, पण ठिसूळ असते. फरशीवर पडले तर तडा जातो. काशाची थाळी भिंतीवर लावायची असेल तर भोक पाडू नये, तारेच्या स्टँडमध्ये बसवावी. काशाची वाटी तर घरात हाताशीच ठेवावी, तळपायाला तूप चोळायला ती अजून उपयोगी पडते.

पितळ आणि तांबे चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ लावून स्वच्छ होते, हे सर्वांना माहीत आहे. मात्र आंबट पदार्थ लावून भांडे तसेच ठेवू नये. एक-दोन मिनिटांत चोळून धुवावे आणि कोरड्या फडक्याने लगेच पुसावे. पितळ जास्त वेळ आंबटात राहिले तर वरचे जस्त विरघळते आणि तांबूस डाग पडतात. ते सहज जात नाहीत. लोखंडी काथ्या वापरू नये. त्याचे ओरखडे कायमचे राहतात.

दिवाणखान्यात मांडण्याच्या वस्तूला आरशासारखी चमक हवीच असे नाही. वर्षानुवर्षांनी येणारा तपकिरी रंग ही त्या वस्तूची ओळख असते आणि जाणकार खरेदीदार त्यालाच किंमत देतो. हिरवा कळक मात्र काढलाच पाहिजे, तो धातू खातो.

भांडे स्वयंपाकात वापरायचे असेल तर कल्हई हवी. पितळेत किंवा तांब्यात ताक, आमटी, चिंचेचे सार कळकते आणि पोटाला बाधते. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर. नवसागर टाकून भांडे साफ करतात आणि तापलेल्या भांड्यात कथील फिरवतात. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे कधीही गॅसवर ठेवू नये. आतून पिवळा किंवा तांबूस रंग दिसू लागला की कल्हई संपली असे समजावे. कल्हईवाल्याला कथील शुद्ध आहे का हे विचारून घ्यावे. त्यात शिशाची भेसळ असेल तर ते पोटात जाते. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या भांड्याला कल्हई लागत नाही, पण त्यात लिंबूपाणी किंवा ताक ओतू नये.

सागवान आणि पॉलिश

आपल्या घरांतली बहुतेक जुनी कपाटे, पेट्या आणि खुर्च्या सागवानी आहेत. दुरुस्तीला बसण्याआधी वरचे पॉलिश कोणते हे पाहावे. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाने थोडे स्पिरिट लावावे. पॉलिश मऊ होऊन चिकट झाले तर ते चपडा लाखेचे जुने स्पिरिट पॉलिश आहे. असे पॉलिश खरवडून काढायची गरज नसते. साबणाच्या ओलसर फडक्याने मळ काढावा, लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि वर नवे हात द्यावेत.

घरी पॉलिश करायला एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम चपडा भिजत घालावा, रात्रभरात विरघळतो. पातळ सुती फडक्यातून गाळून घ्यावा. सुती कापडात कापूस बांधून पुरचुंडी करावी आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा सहा-सात पातळ हात चांगले. मध्ये मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवावा. हे काम पावसाळ्यात करू नये, दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. स्पिरिट पेट घेते, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि देवघरातला दिवासुद्धा विझलेला असावा.

लाकडावर जुना ऑइलपेंट असेल तर वेगळी काळजी घ्यावी. जुन्या रंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम इतकी खाली आणणारे नियम २०१६ सालचे आहेत. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून ओला घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

कपाटाखाली बारीक पिठासारखी भुकटी पडत असेल तर लाकडात जिवंत किडा आहे. अशी वस्तू बाकी फर्निचरपासून आधी वेगळी करावी. नुसते कडुनिंबाचे तेल वरून फासून आतला किडा मरत नाही. भोकांत सुईने औषध सोडावे लागते आणि हे काम माहीतगाराकडून करून घेतलेले बरे. जुन्या खुर्चीचा सांधा हलत असेल तर त्यात खिळा ठोकू नये. तो सरसाने जोडलेला असतो. कोमट पाण्याने जुना सरस सैल करून काढावा आणि नव्याने जोडून एक दिवस दोरीने आवळून ठेवावा.

संखेडा फर्निचरला मात्र वरीलपैकी काहीही करू नये. संखेड्याच्या खरादी कारागिरांचे हे काम कातीव सागवानावर कथील आणि लाख यांच्या रंगकामाने होते आणि त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका फडक्याने सगळी नक्षी जाऊ शकते. कोरड्या मऊ कापडाने पुसणे एवढेच पुरे. रंग उडाला असेल तर संखेड्याच्या कारागिराकडेच द्यावे.

झोपाळा

बडोद्याच्या मराठी घराने गुजरातकडून मनापासून घेतलेली वस्तू म्हणजे झोपाळा. जुन्या घरात तो जाड सागवानी तुळईला टांगलेला असे. फ्लॅटमध्ये तुळई नसते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन इंच जाड सागवानी पाटी साधारण ३५ ते ४० किलोची भरते. दोन मोठी माणसे बसली की भार १८० किलोच्या आसपास जातो. झोका घेताना तो आणखी वाढतो. दोन्हीकडे ३० अंशांचा झोका घेतला तरी सुमारे पाव पटीने. मुले उभी राहून उड्या मारतात ते वेगळेच. म्हणून टांगणीची व्यवस्था किमान ५०० ते ६०० किलोचा हिशेब धरून करावी. हूक फॉल्स सीलिंगमध्ये कधीही बसवू नये. तो आरसीसी बीममध्ये, स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवून मगच बसवावा. जुन्या पितळी कड्या एकमेकींत जिथे घासतात तिथे झिजतात. बारीक झालेली कडी बदलून घ्यावी आणि वरचा हूक पोलादीच ठेवावा.

तसबिरी, पोथ्या आणि कागद

राजा रविवर्म्यांनी सयाजीराव महाराजांसाठी केलेली चित्रे आपल्या शहरात महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये पाहायला मिळतात. घराघरांत पोहोचली ती मात्र छापील चित्रे. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे तो मळवलीला हलला. आपल्याकडची लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर जुनी आहे का हे भिंगातून पाहता येते. जुन्या शिळाछापात ठिपके अनियमित, दाणेदार दिसतात; अलीकडच्या ऑफसेट छपाईत ते नियमित जाळीसारखे असतात.

अशा चित्राला लॅमिनेशन करू नये, मागे फेव्हिकॉल लावू नये. जुनी फळी किंवा पुठ्ठा काढून आम्लविरहित माउंट बोर्ड घालावा. काच आणि चित्र यांच्यात थोडी फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात चित्र काचेला चिकटते. उन्हाच्या भिंतीवर लावू नये. हस्तलिखित पोथ्या आणि मोडी कागद घरी चिकटपट्टीने जोडू नयेत. त्या सांभाळणे शक्य नसेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराशी बोलावे.

घरी करण्यासारखी काही कामे

- *घंगाळ* : झाड लावायचे असेल तर तळाला भोक पाडू नये. आत प्लास्टिकची कुंडी ठेवावी. माती आणि खत थेट धातूला लागू देऊ नये.
- *पाट* : भिंतीवर मजबूत ब्रॅकेटवर ठेवला की छान फळी होते. पितळी फुल्या आहेत तशाच ठेवाव्यात. दोन पाट मात्र केळवणासाठी जमिनीवरच राहू द्यावेत.
- *जुने दार* : टेबल करायचे तर वर ८ मिमी टफन्ड काच टाकावी, कोयंडा आणि कड्या काढू नयेत.
- *कंदील* : आत ३ ते ५ वॅटचा एलईडी दिवा लावावा. धातूचा असल्याने अर्थिंग हवेच, वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.
- *जुन्या पैठणीचा पदर* : फ्रेम करताना चिकटवू नये, सुती कापडावर बारीक टाक्यांनी शिवावा.

विकत घेताना

अहमदाबादचा रविवारचा गुजरी बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे जुन्यासोबत ‘जुने केलेले’ही भरपूर मिळते. पाठीमागे प्लायवूड, चौकटीत फुलीचे स्क्रू, सगळीकडे सारखीच झीज असेल तर सावध व्हावे. खरी झीज हात लागतो तिथेच होते: मुठीला, कडेला, पायांच्या तळाशी. नजर तयार करायची तर अहमदाबादचे ‘विचार’ भांडी संग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सावकाश पाहावे.

कायदा आणि कर

पुरावस्तू व कलासंपदा कायदा १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा-मुलगी परदेशी असतील तर त्यांच्या सामानात पणजोबांची मूर्ती घालण्याआधी हे लक्षात ठेवावे. वस्तू तितकी जुनी नसेल पण तशी दिसत असेल तर ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो. दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत यांच्या जुन्या मूर्ती, जुनी चित्रे आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते आणि मालकी बदलली तर तेही कळवावे लागते. हस्तिदंताची विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

आयकराच्या दृष्टीने घरगुती वापराची साधी चीजवस्तू भांडवली मालमत्तेत येत नाही. चित्रे, शिल्पे आणि कलाकृती मात्र येतात. त्यामुळे मोठ्या किमतीला काही विकले तर पावती जपावी आणि सल्लागाराला विचारावे.

येत्या दिवाळीची आवराआवर सुरू करण्याआधी घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून ती वही भरायला घ्यावी. कोणती कळशी कोणाच्या लग्नातली, हे आज त्या सांगू शकतात. वस्तू ठेवली तरी ही माहिती गेली की ती नुसते पितळ उरते. आणि वस्तू द्यावीच लागली तर घरातल्या घरात, नात्यात किंवा शेजारी, वापरणाऱ्याच्या हाती आधी द्यावी, काटा शेवटी.