नगरचा किल्ला, बारा सीटांची गाडी आणि ९ ऑगस्ट १९४२

हिवरे बाजार बघायला लोक कुठून कुठून येतात. शाळांच्या सहली येतात, दुसऱ्या राज्यातले सरपंच येतात, झालंच तर आमच्यासारखे कंपन्यांचे ग्रुपही येतात. पण तिथून साधारण वीस किलोमीटरवर नगरचा भुईकोट किल्ला आहे. काँग्रेसची जवळजवळ सगळी कार्यकारिणी १९४२ ते १९४५ मध्ये तिथे डांबून ठेवली होती. आमच्या ओळखीतले जे जे हिवरे बाजारला जाऊन आले, त्यातला एकही तिकडे वळला नव्हता. कारण विचारलं तर एकच उत्तर: "वेळच उरला नाही रे!"

म्हणून हा लेख. एका दिवसात दोन्ही कसं बसवायचं, आणि मुळात का बसवायचं.

आधी "का". त्यासाठी एका दुसऱ्या प्रवासाचं प्लॅनिंग बघू. ते केलं होतं ब्रिटिश सरकारने.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. सरकारची तयारी मात्र त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. या मंडळींना ठेवायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. पार आफ्रिकेत न्यासालँडला (म्हणजे आताचं मलावी) पाठवून द्यायचासुद्धा विचार झाला होता. शेवटी ठरला नगरचा किल्ला. कारण उघड आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात, भोवती खोल खंदक, बोअर युद्धातले कैदी ठेवल्याचा अनुभव गाठीशी, आणि मुंबईपासून थेट रेल्वे. दौंड-मनमाड लाइन १८७८ पासून चालू होती. म्हणजे जागा अशी, की सरकारला पोचायला सोपी आणि इतरांना अवघड.

९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. पंडित नेहरू बहिणीकडे उतरले होते, काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद भुलाभाई देसाईंकडे, गांधीजी बिर्ला हाउसमध्ये. सगळ्यांना व्हीटी स्टेशनवर आणून एका स्पेशल गाडीत बसवलं. कुठे नेताहेत ते कुणाला सांगितलं नव्हतं. चिंचवडला गांधीजींना उतरवून घेतलं आणि पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं. पुणे स्टेशनवर लोकांना सुगावा लागला होता. तिथे पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा नेहरू डब्याच्या खिडकीतून खाली उतरून पोलिसांवर धावून गेले, असं आझादांच्या आठवणींत आहे. कार्यकारिणीची मंडळी मात्र पुढे दौंडवरून नगरला. दुपारी नगर स्टेशन आलं तेव्हा फलाटावर अधिकारी आणि पोलीस सोडून जवळजवळ कोणी नव्हतं. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंतचा सरळ, काही मिनिटांचा रस्ता आझादांनी नीट नोंदवून ठेवलाय.

किल्ल्यात पुढे एकूण बारा जण होते: नेहरू, आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव.

आमची टीमही नेमकी बारा जणांची आहे, आणि टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बारा सीट बसतात! फरक एवढाच की आम्ही संध्याकाळी परत येणार. नेहरूंनी इथे ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ असे ९६२ दिवस काढले. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथेच १९४४ मध्ये पाचेक महिन्यांत लिहून काढलं. आझादांनी इथून मित्राला उर्दूत पत्रं लिहिली, पण ती पाठवायची सोयच नव्हती. पुढे त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. इथल्या जेलरला या मंडळींनी चीता खान असं नाव ठेवलं होतं, ते चांदबिबीच्या काळातल्या किल्लेदारावरून.

सगळंच असं हलकंफुलकं नव्हतं. १९४३ च्या एप्रिलमध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. आजारपणाच्या बातम्या येत होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती पोचवतो, असंही त्यांना सुचवलं गेलं होतं. त्यांनी विनंती केली नाही. नगर ते कलकत्ता हा प्रवास रेल्वेने तेव्हाही होण्यासारखा होता, पण त्याची किंमत त्यांना द्यायची नव्हती. किल्ल्यात उभं राहून मला तरी सगळ्यात जास्त हेच आठवेल.

आता "कसं".

रेल्वे: पुण्याहून दौंडमार्गे नगर साधारण १६० किलोमीटर पडतं, रस्त्याने १२० च्या आसपास. झेलम, गोवा एक्सप्रेसवाल्यांना दौंडला इंजिन फिरवण्यात गेलेला वेळ आठवत असेल. कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा तो वेळ वाचतो. १९४२ चाच मार्ग अनुभवायचा असेल तर रेल्वेच घ्या, पण मग हिवरे बाजारसाठी नगरहून वेगळी गाडी ठरवावी लागेल.

एसटी: पुणे-नगर गाड्यांना तोटा नाही. दोघे-तिघे असाल तर एसटी आणि पुढे रिक्षा हे सगळ्यात स्वस्त. किल्ला शहराच्या पूर्वेला, हिवरे बाजार दुसऱ्या अंगाला, वायव्येकडे. तेव्हा परतीची रिक्षा आधीच बोलून ठेवा.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी: दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची तर हेच सोयीचं. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा असा रस्ता. पहाटे साडेपाचला निघा, कारण वाघोलीची गर्दी कोणाला सुटलेली नाही. १ जानेवारी टाळा. त्या दिवशी कोरेगाव भीमाच्या जयस्तंभासाठी लोक येतात आणि या रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. संकष्टीला रांजणगावची गर्दी धरून चाला.

क्रम: आधी किल्ला, मग गाव. यावर आमच्याकडे बराच वाद झाला, पण कारण साधं आहे. किल्ला आजही लष्कराकडे आहे. आत कधी सोडतात याची आदल्या दिवशी चौकशी करा आणि प्रत्येकाने ओळखपत्र बरोबर ठेवा. जिथे वेळ आपल्या हातात नाही ते ठिकाण सकाळी उरकावं. नेत्यांच्या खोल्या, म्हणजे 'लीडर्स ब्लॉक', शांतपणे बघायला दीड तास ठेवा. रणगाडा संग्रहालय आणि चांदबिबी महाल (ती खरं तर सलाबत खानाची कबर) यांचा मोह आवरा. ती दोन्ही वेगळ्या दिवशी.

दुपारी हिवरे बाजार. ग्रुप असेल तर ग्रामपंचायतीला आधी कळवा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे दुष्काळाने रिकामं होत चाललेलं गाव होतं. पुढे गावाने श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आणली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कुठली पिकं घ्यायची ते ठरवायला सुरुवात केली. हे सगळं ग्रामसभेत बसून. पवारांना २०२० ची पद्मश्री मिळाली.

किल्ला आधी बघण्याचं दुसरं कारणही इथेच आहे. सकाळी बघितलेली ती बारा माणसं आपला कारभार आपण चालवायचा एवढ्याच मागणीसाठी कोंडली गेली होती. तो कारभार नीट चालवला तर काय होतं ते दुपारी विहिरीत डोकावून बघता येतं. उलट्या क्रमाने गेलात तर किल्ला म्हणजे नुसत्या जुन्या खोल्या वाटायची शक्यता आहे.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा नकाशात शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. आणि साडेचारला गाव सोडा, नाहीतर वाघोलीत रात्र होते.