पोट उघडण्यापूर्वी

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. येथूनच आंबा घाटाकडे, म्हणजे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो. कोल्हापूर ओलांडून पुढे गेले की मिरज लागते. तेथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय सुरू केले. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. पालीच्या एखाद्या गृहस्थाला त्या काळी पोटात न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटू लागली आणि वजन उतरू लागले, तर घाट चढून मिरज किंवा बोटीने मुंबई असे दोन मार्ग त्याच्यापुढे होते. पण कोठेही गेला तरी आत नेमके काय झाले आहे हे कळण्याचा उपाय एकच होता. पोट उघडून पाहणे. याबाबतीत लंडन, न्यूयॉर्क आणि मिरज यांत फारसा फरक नव्हता.

असे का, हे समजण्यासाठी स्वादुपिंडाची जागा पाहू. हे अवयव जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून आडवे पडलेले असते. त्याचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या कमानीत बसवलेले, आणि त्या डोक्यातूनच यकृताकडून येणारी पित्तनलिका खाली उतरते. डोक्यात गाठ झाली की नलिका दबते, पित्त तुंबते आणि कावीळ होते. मानेच्या मागून आतड्याला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी आणि आतड्याचे रक्त यकृताकडे नेणारी नीला जाते. गाठ या वाहिन्यांना चिकटली आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. बाहेरून हात लावून मात्र यातले काहीच समजत नाही.

बाझेलचे शल्यचिकित्सक लुडविग कुर्व्हाझिए यांनी १८९० साली एक उपयुक्त निरीक्षण नोंदवले. काविळीच्या रुग्णात पित्ताशय फुगून हाताला लागत असेल, तर कारण खडे असण्याचा संभव कमी. खड्यांनी जुना झालेला पित्ताशय आक्रसतो, फुगत नाही. हा ठोकताळा आजही शिकवतात. पण तो फार तर अडथळा कशाचा असावा हे सुचवतो. गाठ किती पसरली, हे सांगत नाही.

शस्त्रक्रिया मात्र पुढे गेली होती. बर्लिनमध्ये वॉल्थर काउश यांनी स्वादुपिंडाचे डोके आणि आतड्याची कमान काढण्याची शस्त्रक्रिया केली व १९१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ती दोन टप्प्यांत केल्याचे वृत्त दिले, आणि पुढे तिला त्यांचेच नाव पडले. पित्त तुंबलेल्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही. 'के' जीवनसत्त्वाचा शोध लागल्यावर ही अडचण दूर झाली आणि १९४० पासून शस्त्रक्रिया एकाच बैठकीत होऊ लागली. तरी पुढची दोनतीन दशके अनेक ठिकाणी चारांतला सुमारे एक रुग्ण तिच्यामुळे दगावत असे. आणि कितीतरी रुग्णांचे पोट उघडल्यावर गाठ वाहिन्यांना वेढून बसलेली किंवा यकृतावर दाणे उठलेले दिसत. मग पित्ताला दुसरी वाट करून द्यायची आणि पोट शिवून टाकायचे. आयुष्याचे थोडे महिने उरलेले असताना त्यातले बरेच जखम भरण्यात जात. पुस्तकांत या गोष्टीला एका ओळीत उरकतात, ते मला नेहमी खटकते.

क्ष-किरण १८९५ पासून हाताशी होते. मग ते का उपयोगी पडले नाहीत? कारण साध्या क्ष-किरण चित्रात पुढचे-मागचे सारे अवयव एकमेकांवर पडतात. जठर, यकृत, स्वादुपिंड यांची घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे सारी एकच राखाडी सावली.

येथे वर्गात करता येण्याजोगे एक कोडे पाहा. दोन ओळी आणि दोन स्तंभ अशा चार घरांत चार संख्या लपवा. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ५, दोन्ही स्तंभांची प्रत्येकी ६. संख्या कोणत्या? विद्यार्थ्यांकडून वेगवेगळी उत्तरे येतील. वर ५ व २, खाली १ व ४ हे जमते. वर ४ व ३, खाली २ व ३ हेही जमते. आता वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे जाणाऱ्या कर्णाची बेरीज ९ आहे असे सांगा. उत्तर एकच उरते. म्हणजे आणखी एका कोनातून पाहिले की कोडे सुटते. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेतल्या प्रत्येक घरात थोडा शोषला जातो. बाहेर पडणारा किरण आपल्याला फक्त एकूण शोषणाची 'बेरीज' सांगतो. पुष्कळ कोनांतून बेरजा घेतल्या, तर प्रत्येक घरातली संख्या काढता येते.

हे गणित ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडले होते, अर्थात शरीराचा विचार मनात न आणता. ॲलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाने केप टाउनच्या रुग्णालयात काम करताना तोच प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला आणि १९६३ व १९६४ मध्ये दोन निबंध लिहिले. त्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही. यंत्र बनवले ते गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांनी, इंग्लंडमधील ईएमआय कंपनीच्या प्रयोगशाळेत. आपल्याकडे ज्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर कुत्र्याचे चित्र असे, ती याच ईएमआयच्या घराण्यातली. बीटल्सच्या गाण्यांच्या पैशावर सीटी स्कॅन जन्माला आला ही गोष्ट मोठ्या चवीने सांगतात. पण ब्रिटिश आरोग्य खात्यानेही या कामाला पैसा पुरवला होता, हे सांगायचे राहून जाते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा छेद घेतला गेला. त्या चित्रात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० घरे होती. दर अंशाला १६० याप्रमाणे १८० अंशांतून २८,८०० मोजमापे घेतली जात. १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक व हौन्सफिल्ड यांना विभागून मिळाले. घरातली संख्या मोजण्याच्या एककाला हौन्सफिल्डचेच नाव आहे. त्यात पाणी शून्य आणि हवा उणे १,०००.

पण डोके स्थिर धरता येते, पोट नाही. पहिल्या यंत्राला एका फेरीला चारपाच मिनिटे लागत. तेवढ्या वेळात माणूस कितीतरी श्वास घेतो आणि आतडी हलतच असतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास हा वेळ सुमारे २० सेकंदांवर आला, आणि पोटाची चित्रे उपयोगी पडू लागली. १९८९ मध्ये जर्मनीत विली कालेंडर यांनी रुग्णाचा पलंग सरकत असतानाच नळी फिरती ठेवण्याची, म्हणजे मळसूत्री वाटेने छेद घेण्याची पद्धत मांडली. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली. एका श्वासात सारे पोट मावू लागले.

स्वादुपिंडासाठी हा वेग फार मोलाचा ठरला. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव टोचला की साधारण ४० ते ४५ सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड उजळते. कर्करोगाची गाठ तंतुमय असते, तिला रक्त कमी मिळते, म्हणून ती काळसर राहते. सुमारे ७० सेकंदांनी यकृत व नीला उजळतात, तेव्हा दुसरी फेरी. घड्याळ चुकले की गाठ दिसेनाशी होते. म्हणूनच 'पोटाचा सीटी काढलाय' एवढे पुरत नाही. तो कशासाठी आणि कोणत्या वेळा साधून काढला, हे महत्त्वाचे.

आता शल्यचिकित्सक छेदात काय पाहतो? चक्क कंपासपेटीतला कोन. रोहिणीचा गोल घ्यायचा आणि गाठ त्याच्या परिघाला किती अंशांत टेकली आहे ते मोजायचे. मुळीच स्पर्श नसेल आणि नीलाही मोकळी असेल, तर शस्त्रक्रिया करण्याजोगी. १८० अंशांपर्यंत स्पर्श असेल तर सीमेवरची, आधी औषधे द्यावीत अशी. १८० अंशांहून अधिक वेढा असेल, तर तूर्त सुरी नको. यकृतात वा अन्यत्र डाग दिसले तर कोन मोजण्याचे कारणच उरत नाही. निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेजोगे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच निघतात. उरलेल्या ऐंशींपैकी बहुतेकांचे पोट आता विनाकारण उघडले जात नाही. या रोगात सीटीची खरी कामगिरी हीच, असे मला वाटते. त्याने रोग बरा केला नाही, पण 'नको' म्हणण्याचा आधार दिला.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांचे काम मोठ्या प्रमाणावर उभे केले. २०१२ मध्ये त्यांनी या कर्करोगाच्या निरनिराळ्या प्रतिमातंत्रांचा आढावाही प्रसिद्ध केला. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यू आता शंभरात पाचांहून कमी असतात. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने गावोगावी कर्करोग तपासणी केली. पण तोंड, स्तन किंवा गर्भाशयमुख डोळ्यांनी व हातांनी तपासता येते. स्वादुपिंड शिबिरात तपासता येत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने गेले, तेव्हा या अवयवाचे नाव कोकणात घरोघरी पोचले.

गावात काविळीला अजूनही माळ घालतात, झाडपाला देतात. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. साठीच्या माणसाची न दुखणारी, पांढुरक्या शौचाची, दिवसेंदिवस वाढणारी कावीळ निराळी. तिच्यात माळेपायी गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. दवाखान्यात गेल्यावरही एक क्रम सांभाळावा लागतो. पित्त मोकळे करण्यासाठी नलिकेत नळी बसवली की कधी स्वादुपिंडाला सूज येते आणि गाठीची कड पुसट होते. म्हणून शक्य असेल तेव्हा आधी सीटी, मग नळी.

सीटीलाही मर्यादा आहेत. पोटाच्या आवरणावरचे दोनतीन मिलिमीटरचे दाणे त्यात सुटतात. त्यासाठी काही रुग्णांत लहान छिद्रातून दुर्बीण घालून आधी पाहतात. आणि २०११ नंतर एक नवाच पेच उभा राहिला. त्या वर्षी फ्रान्समधून चार औषधांच्या एकत्रित उपचाराचे चांगले निष्कर्ष आले आणि वाहिन्यांना वेढलेल्या गाठींवरही तो आधी देऊ लागले. काहींत गाठीतल्या पेशी मरतात, पण मागे तंतुमय वण उरतो. छेदात तो वण आणि जिवंत गाठ सारखीच काळसर दिसतात, कोनही पूर्वीइतकाच भरतो. तेव्हा दूर कोठे प्रसार नसेल आणि रुग्णाची तब्येत सुधारली असेल, तर काही केंद्रांत शल्यचिकित्सक पोट उघडून थेट त्या रोहिणीपाशी जातात, तिच्याभोवतीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात, आणि उत्तर येईपर्यंत टेबलापाशी थांबतात.