नायगावच्या चाळी आणि मुलांना सांगितलेली जात

नायगावच्या बीडीडी चाळींत मुलांना जातीविषयी जे सांगितले गेले, त्यातले बरेचसे चाळीच्या पटांगणात, ढोलकीच्या साथीने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत सांगितले गेले. याचे एक कारण या चाळींच्या बांधणीत आहे. मुंबई सरकारने 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे चाळी उभ्या केल्या. त्यांपैकी 42 नायगावात होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, लांबलचक सामाईक गॅलरी, मजल्यावर सामाईक नळ-संडास आणि 160 चौरस फुटांच्या खोल्या. एका खोलीत आईबाप, मुले आणि गावाकडून आलेला एखादा काका-मामा राहत असे. मोठ्यांचे बोलणे मुलांच्या कानांपासून दूर ठेवायला इथे जागाच नव्हती.

या खोल्यांत नाशिक, नगर, सातारा आणि कोकणातून आलेली महार कुटुंबे होती, तशी घाटावरची आणि कोकणातली मराठा कुटुंबेही होती. काही चाळींत एका समाजाची वस्ती अधिक, काहींत दुसऱ्याची. मुंबईत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण 1925 साली सुरू झाले ते एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे याच कामगारवस्तीत. त्यामुळे निरनिराळ्या चाळींतली मुले पालिकेच्या एकाच शाळेत येऊ लागली. गावात विहीर, देऊळ आणि पाणवठा मुलाला त्याची पायरी दाखवून देत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत 1901 सालचा सातारा जिल्ह्यातला मसूर ते गोरेगाव हा प्रवास लिहून ठेवला आहे. जात कळताच गाडीवानांनी नकार दिला आणि वाटेत पाणीही मिळाले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला जातीचा अर्थ समजला तो असा, प्रसंगातून. मुंबईत असे प्रसंग कमी झाले तरी संपले नव्हते. शिवाय सुट्टीत गावी जायचेच असे. मग तिथे वेगळे का वागवतात, याचे उत्तर मुलाला द्यावे लागे.

या उत्तराला जाहीर रूप देणारी मोठी घटना नायगावातच घडली. मे 1936 च्या अखेरीस मुंबई इलाखा महार परिषद येथे भरली. हैदराबादचे बी. एस. व्यंकटराव अध्यक्ष होते. 31 मे रोजी आंबेडकरांनी केलेले मराठी भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. धर्मांतर का करायचे, याची ही मांडणी होती. मुलांना सरकारी शाळेत घालण्याचा हक्क मागितला किंवा अंगावर बरे कपडे घातले एवढ्यावरून होणाऱ्या मारहाणीची उदाहरणे त्यांनी दिली आणि ‘असे का होते’ याची कारणे एकेक करून उलगडली. अपमान हे नशीब नसून त्यामागे एक व्यवस्था आहे, हा त्यातला गाभा होता. पुढे घराघरांत मुलांना सांगायची गोष्ट या गाभ्यावरच उभी राहिली.

ती मुलांपर्यंत नेली जलशांनी. सत्यशोधक जलशांची परंपरा पाठीशी होतीच. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसा नावारूपाला आणला. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या तोडीचा आहे, असे आंबेडकर म्हणत, असे सांगितले जाते. घडण तमाशाची होती: ढोलकी, तुणतुणे, हलगी, आणि गाण्यांच्या मध्ये संवाद. एक पात्र अडाणी, भोळे प्रश्न विचारणारे. दुसरे त्याला समजावणारे. पाणवठ्यावर आम्हाला का अडवतात? मेलेले ढोर आम्हीच का ओढायचे? पोराला शाळेत घालून काय मिळणार? पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलाच्या मनातलाच प्रश्न रंगमंचावरचे पात्र विचारी. उत्तराला हशा येई, त्यामुळे विषय जड असूनही मूल भेदरत नसे. पाटील किंवा सावकार फजीत झालेला पाहणे हाही त्या शिक्षणाचा भाग होता.

या वातावरणातून नायगावने गायक दिले. शाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म 15 जुलै 1931 रोजी नायगावचा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) पोट भरायला मुंबईत आले, शिवडीच्या चाळीत मोठेपणी अक्षरे शिकले, आणि त्यांनी आंबेडकरांना पहिल्यांदा पाहिले ते 1943 साली नायगावात, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. त्यांची गाणी मुलांना शाळेच्या कवितांआधी पाठ होत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी आंबेडकरांनी घेतलेल्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर चाळीचाळींत विहारे उभी राहिली. पंचशील, 14 एप्रिलची आंबेडकर जयंती आणि 6 डिसेंबरच्या स्मृतिदिनी चैत्यभूमीवर जाणे यांमुळे सांगण्याला वार्षिक क्रम मिळाला.

मात्र हे सारे एका समाजाच्या आत चालले होते. पलीकडच्या चाळीतल्या मुलांना जातीविषयी काही सांगावे, असे सहसा कोणाला वाटत नसे. तिथे हा विषय न काढणे म्हणजेच चांगले संस्कार. या मौनाची किंमत 1974 मध्ये दिसली. 5 जानेवारीला वरळीत दलित पँथर या तरुणांच्या संघटनेच्या सभेनंतर दंगल उसळली. 10 जानेवारीच्या मोर्चात परळला पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. एप्रिलपर्यंत वरळी आणि नायगाव धुमसत राहिले. गच्च्यांवरून दगड-विटा आणि सोडावॉटरच्या बाटल्या आल्या. एकाच शाळेत जाणारी मुले आपापल्या गॅलरीतून हे पाहत होती. सरकारने न्या. एस. बी. भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला.

त्यानंतरच्या पिढीने सांगण्यासाठी पुस्तकाचा आधार घेतला. दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन 1978 साली आले आणि जे चाळीत गायले जाई ते मध्यमवर्गीय घरांतही वाचले गेले. नायगावला लागून असलेल्या वडाळ्यात वाढलेले डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) या बाबतीत विशेष आहे. पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेले त्यांचे वडील दामोदर जाधव निवृत्तीनंतर, मुलाच्या आग्रहावरून, आपल्या आठवणी स्वतःच्या हाताने लिहायला बसले. गावच्या चाकरीतला अपमान आणि त्याला दिलेला नकार बापाने मुलांसाठी कागदावर उतरवला.

आता पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचे घर मिळणार आहे. पटांगणे आक्रसतील, जलसे तर केव्हाच विरळ झाले. ज्यांनी सोसले त्यांनी मुलांना जात समजावण्याचे काम नायगावात निष्ठेने आणि कलेने केले. ज्यांना सोसावे लागले नाही, त्यांच्या घरांत ते अजून बरेचसे बाकी आहे.